फेरेटला गोळ्यांवरून कच्च्या मांसावर कसं आणायचं

आमच्या भुऱ्याला बघून परभणीत दारात आलेला प्रत्येक माणूस पहिलं हेच विचारतो, अगं हे मुंगूस कामून पाळलंस. मुंगूस नाही ते, फेरेट आहे. मुंगसाचं घराणं वेगळं, हा पाणमांजराच्या घराण्यातला. युरोपात पोलकॅट नावाचा एक रानटी प्राणी आहे, त्याला माणसानं दोन हजार वर्षांपेक्षा जास्त काळ पाळून पाळून हा तयार केला, कशासाठी तर सशाच्या बिळात शिरून ससे बाहेर हाकलायला. म्हणजे मुळातला शिकारी, आणि आमच्या घरी आला तेव्हा खात काय होता तर मांजरीच्या पिलांच्या कोरड्या गोळ्या, वर कुणीतरी लाडानं दूध-पोळीची सवय लावलेली.

आपल्या भागात फेरेट पाळणारे लई थोडे, पण जे भेटले ते सगळे हेच विचारायलेत की गोळ्या बंद करून कच्चं मांस चालू करावं का, आणि करायचं तर कसं. मी हे एकदा चुकीचं केलंय आणि नंतर नीट केलंय, म्हणून जेवढं कळलं तेवढं सगळं एका जागी लिहिते.

आधी त्याचं पोट समजून घ्या, मग बाकीचं आपोआप कळतं. फेरेट पूर्ण मांसाहारी आहे, आवड म्हणून नाही, शरीरच तसं आहे. दात कात्रीसारखे, जबडा फक्त वर-खाली चालतो, गाई-म्हशीसारखा आडवा फिरत नाही, त्यामुळं दळून बारीक करणं हा प्रकारच नाही, कापायचं आणि गिळायचं. आतडं आखूड, आणि लहान-मोठ्या आतड्याच्या सांध्यावर जी पिशवी असते, अंधांत्र म्हणतात तिला, ती ह्याला नाहीच, म्हणजे झाडपाल्याचा चोथा जिथं जंतूंकडून आंबवून घ्यायचा ती जागाच देवानं दिलेली नाही. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं. एवढ्या घाईच्या पोटात मका, भात, वाटाणा पचायला वेळ कुठला, त्याला प्राण्याची प्रथिनं आणि चरबी पाहिजे, आणि टॉरिन नावाचं एक द्रव्य पाहिजे जे हृदयाला आणि डोळ्यांना लागतं, ते मांसात असतं, धान्यात नसतं. पोट लवकर रिकामं होतं म्हणून तो दिवसातून आठ-दहा वेळा थोडं थोडं खातो. ही शेवटची गोष्ट पक्की लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता गोळ्यांचं. ज्वारीच्या पिठाला गव्हासारखी चिकाटी नसते म्हणून आपण आधणाचं पाणी घालून पीठ मळतो, गरम पाण्यानं त्यातला स्टार्च फुगतो आणि पीठ धरून ठेवतो, तेव्हा कुठं भाकरी थापता येते. कारखान्यातली गोळी याच तत्त्वावर उभी असते, मांसाचा चुरा आणि धान्य एकत्र करून मशीनमधे वाफ आणि दाब देऊन स्टार्च फुगवायचा, मग ती गोळी कुरकुरीत होते आणि महिनोन्‌महिने टिकते. नुसत्या मांसाची तशी गोळी बनतच नाही. म्हणून पाकिटावर ग्रेन फ्री लिहिलेलं असलं तरी फसू नका, धान्य नसेल तर वाटाणा, बटाटा, मसूर असलं काहीतरी आत असतंच, स्टार्चशिवाय गोळी उभी राहत नाही. आणि पाणी. मांसात साधारण सत्तर टक्के पाणी असतं, गोळीत दहा टक्क्यांच्या आसपास. परभणीच्या मे महिन्यात हा फरक लहान नाही.

म्हणून काय गोळ्या विष आहेत असं मी म्हणणार नाही. चांगल्या प्रतीच्या, प्राणिज प्रथिनं भरपूर असलेल्या गोळ्यांवर फेरेट वर्षानुवर्षं जगतात. पण वनस्पतीची प्रथिनं जास्त असलेल्या स्वस्त खाद्यानं लघवी अल्कधर्मी होते आणि मूत्राशयात स्ट्रुव्हाइट नावाचे खडे होतात हे डॉक्टर लोक पूर्वीपासून सांगतात. दुसरा आजार इन्सुलिनोमा, तीन-चार वर्षांच्या पुढच्या फेरेटांत लई दिसतो, स्वादुपिंडात इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींची गाठ होते आणि रक्तातली साखर खाली खाली जाते, प्राणी एकटक बघत बसतो, लाळ गळते, तोंडावर पंजे मारतो, मागचे पाय ओढतो. तो स्टार्चच्या खाद्यामुळंच होतो असं सिद्ध झालेलं नाही, संशय आहे. कुणी छातीठोक सांगत असेल की कच्चं मांस द्या म्हणजे हा रोग होतच नाही, तर त्यावर विश्वास ठेवू नका.

आता सगळ्यात मोठी चूक जी मी पण करणार होते. कच्चं खाणं म्हणजे नुसतं मांस नव्हे. चिकनचे बिनहाडाचे पीस रोज वाटीत टाकले की झालं असं वाटतं, पण रानातला पोलकॅट उंदीर खातो तेव्हा तो मांस, हाडं, काळीज, गुर्दे, रक्त, कातडी सगळं खातो. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळपास नाहीच, कॅल्शियम हाडात. काही महिने नुसतं मांस दिलं तर शरीर स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम ओढायला लागतं, हाडं मऊ पडतात, पिलांमधे तर लवकर. म्हणून जे मोजमाप पाळतात ते असं की शंभर भागांत हाड दहा ते पंधरा, लिव्हर पाच, गुर्दे किंवा तिल्ली पाच, आणि बाकी सगळं मांस, त्यातच दहा-पंधरा भाग हृदय, कारण टॉरिन हृदयात भरपूर. लिव्हर चांगलं म्हणून जास्त द्यायचं नाही, व्हिटॅमिन ए अंगात साठून राहतं आणि त्याचा त्रास होतो.

दुकानातल्या भाषेत सांगते. भुऱ्या साडेअकराशे ग्रॅमचा आहे, दिवसाला ऐंशी-नव्वद ग्रॅम खातो, म्हणजे आठवड्याला सहाशे धरा. त्यात कोंबडीचे पंख दीडशे ग्रॅम, पंखात जवळपास निम्मं हाडच असतं म्हणून हाडाचा हिशोब तिथंच भागतो. दिल पंचाहत्तर ग्रॅम, कोंबडीचे मिळाले तर तेच, नाहीतर बोकडाचं. कलेजी तीस, बोकडाचे गुर्दे तीस, आणि उरलेलं सव्वातीनशेच्या आत-बाहेर मांडीचं मांस, छातीचं नाही, मांडीच्या गडद मांसात टॉरिन आणि चरबी दोन्ही जास्त. बाहेरच्या देशातल्या याद्यांत बीफ हार्ट बीफ हार्ट लिहिलेलं असतं, आपल्याकडं बोकडाचं दिल घेतलं तर काही अडत नाही. आमचे चिकन सेंटरवाले चाचा पहिल्या दिवशी म्हणले, बेटा दिल-कलेजी एवढीशी घेऊन काय करायलीस, आता शनिवारी मी दिसले की आधीच वजन करून ठेवतात.

हाड कच्चंच. शिजवलेलं हाड ठिसूळ होऊन त्याच्या टोकदार फाका पडतात, त्या घशात नाहीतर आतड्यात रुततात, म्हणून रश्श्यातलं हाड चुकूनसुद्धा द्यायचं नाही. ज्यांना हाडाची भीती वाटते त्यांनी अंड्याची टरफलं धुवून, वाळवून, मिक्सरला पिठासारखी बारीक करून अर्धा किलो बिनहाडाच्या मांसात अर्धा ते पाऊण चहाचा चमचा मिसळावी, कॅल्शियमचं काम भागतं, दात मात्र हाड चावल्यानंच साफ राहतात.

आता माझी चूक. मला वाटलं मांसाहारी प्राणी आहे, मांस समोर ठेवलं की तुटून पडेल. एका रात्री गोळ्यांची वाटी उचलली आणि मांडीचे तुकडे ठेवले. सकाळी तुकडे जशेच्या तसे. म्हणलं भूक लागली की खाईल. दुपारी आई म्हणली, अगं त्याला उपाशी कामून ठेवायलीस, बघ कसा पडलाय. मागचे पाय लटपटायले होते. हिरड्यांना मध चोळला, गोळ्या कोमट पाण्यात भिजवून भरवल्या, आणि तसंच डॉक्टरांकडं पळाले. साखर तपासली, खाल्ल्यावर ठीक आली, पण ते दोन तास मी विसरणार नाही. आठ-दहा वेळा खाणाऱ्या जिवाला भुकेनं वाकवता येत नाही हे तेव्हा कळलं. कुत्र्याचं जमतं ते ह्याचं जमत नाही.

तो खाईना ते हट्टानं नाही, नाकानं. फेरेट पिलू असताना पहिल्या काही महिन्यांत ज्या ज्या वासाचं खातं तेवढंच त्याच्या डोक्यात अन्न म्हणून नोंदलं जातं, त्यानंतर समोर आलेली वस्तू त्याच्यासाठी खायची वस्तूच नसते. कच्चं चिकन भुऱ्याला एखाद्या चपलेसारखं वाटत असणार. म्हणून सगळी मेहनत पोटावर नाही, नाकावर करायची.

मग आम्ही असं केलं. सुरू करायच्या आधी डॉक्टरांकडून साखर आणि शी तपासून घेतली, तीन वर्षांच्या पुढचा असेल तर हे कराच. परभणी आणि उदगीर दोन्हीकडं सरकारी पशुवैद्यक महाविद्यालय आहे, फेरेट तिथं रोज येत नसेल पण मांसाहारी प्राण्याचं पोट त्यांना कळतं. पहिले आठ-दहा दिवस गोळ्या पूर्ण चालू ठेवल्या आणि फक्त ओळख करून दिली, मांडीचा खिमा मिक्सरला गुळगुळीत करून कोमट पाणी घालून पातळ केला, अंगाला लागेल एवढाच गरम, कारण फ्रिजमधल्या गार मांसाला वासच येत नाही. बोटाच्या टोकावर घेऊन त्याच्या ओठाला लावायचं. चाटलं तर चाटलं, नाहीतर पुसून घेतो, तरी वास नाकात गेला. तोंड उघडून कोंबायचं नाही, एकदा धसका घेतला की तो वास कायमचा बाद. तिसऱ्या दिवशी भुऱ्यानं दोनदा चाटलं, सहाव्या दिवशी बोट चावून मागितलं.

नंतर तेच पातळ कालवण गोळ्यांवर, आधी चमचाभर मग वाढवत. मग गोळ्या कुटून त्याचं पीठ केलं आणि मांसाच्या आगकाडीएवढ्या पट्ट्या त्यात घोळवल्या, भज्याला पीठ लावतो तसं, बाहेरून वास ओळखीचा आणि आत मांस. या दिवसांत जेवणाच्या आधी दोन तास वाटी उचलून ठेवायची, दोनच तास, म्हणजे थोडी भूक असते आणि धोका नसतो. पट्ट्या जमल्या की तुकडे, तुकडे जमले की पंखाचं टोक बत्त्यानं ठेचून, मग न ठेचता. कलेजी आणि गुर्दे सगळ्यात शेवटी, नखाएवढे, कारण ते एकदम दिले की पोट बिघडतं. आणि सुरुवातीला एकाच प्राण्याचं मांस आठ-दहा दिवस द्या, चिकन बसलं की बोकड, मग फार्मवरची बटेर मिळाली तर ती, एकदम सगळं दिलं आणि जुलाब लागले तर कशानं लागले ते कळत नाही. लोक सहा आठवडे सांगतात, आम्हाला अडीच महिने लागले, काहींना त्याहून जास्त लागतील आणि त्यात बिघडलं काही नाही.

या काळात रोज शी बघायची, घाण वाटून घेऊ नका, आतलं दुसऱ्या कशानं कळत नाही. गोळ्यांवर शी जाड, टूथपेस्टसारखी आणि भरपूर असते. मांसावर आला की कमी होते, बारीक होते, वास एकदम उतरतो, थोडा बुळबुळीतपणा चालतो. हिरवट चिकट झाली तर आपण घाई करायलोय, दोन पावलं मागं जायचं. पांढरी आणि भुसभुशीत, चुरा होणारी झाली म्हणजे हाड जास्त झालं. काळी डांबरासारखी झाली तर मात्र पोटात रक्त जायलंय, वाट बघायची नाही, दवाखाना. आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डब्यात बसवून आठवड्याला एकदा वजन घ्या, वहीत लिहा. हिवाळ्यात फेरेट भरतो आणि उन्हाळ्यात उतरतो हे नैसर्गिक आहे, पण खाणं बदलताना आठवड्यात एकदम शंभर ग्रॅम गेले तर थांबा.

काय द्यायचं नाही ते पण सांगते. दूध नको, दुधातली साखर पचत नाही. कांदा, लसूण, मनुका, चॉकलेट अजिबात नको, मसाला लावलेलं काही नको. कच्चं डुकराचं मांस नको, त्यातून जंत आणि रोग येतात. गोड्या पाण्यातल्या बऱ्याच माशांत, कार्प जातीत तर नक्कीच, थायमिनेज नावाचं द्रव्य असतं जे व्हिटॅमिन बी एक मोडून टाकतं, म्हणून जायकवाडीचा मासा कितीही ताजा असला तरी कच्चा रोज द्यायचा नाही. अंडं आठवड्यातून एखाद-दोनदा, कच्चा बलक चालतो, कच्चा पांढरा भाग रोज नको. आणि कुणी म्हणेल शेतात एवढे उंदीर आहेत, फुकट जेवण. नाही. शेतात आणि गोदामात उंदरांना झिंक फॉस्फाईड नाहीतर रक्त पातळ करणारं औषध घातलेलं असतं, तो उंदीर खाल्ला की विष ह्याच्या पोटात, शिवाय लेप्टोसारखे रोग. रानातली तितरं-लावे तर वन्यजीव कायद्यानं मारताच येत नाहीत.

आता जंतू. इथं मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण कच्च्याच्या बाजूचे लोक हे पटकन उरकून पुढं जातात. कच्च्या चिकनमधे साल्मोनेला, कॅम्पिलोबॅक्टर असतात. फेरेटच्या आखूड आतड्यातून ते लवकर निघून जातात म्हणून तो बऱ्याचदा निभावून नेतो, पण शीतून ते घरभर येतात आणि घरात रांगतं बाळ, गरोदर बाई, शुगर असलेले आजोबा असतात. अमेरिकन व्हेटर्नरी मेडिकल असोसिएशननं २०१२ मधे कच्चं मांस देऊ नका असाच सल्ला दिलाय, त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. सुरी-पाट वेगळा, वाटी स्टीलची, हात साबणानं, आणि घरात वरच्यापैकी कुणी असेल तर मी तरी सांगेन की शिजवून द्या.

आणि बर्ड फ्लू. फेरेटला फ्लू माणसासारखाच होतो, इतका की १९३३ मधे लंडनच्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा पकडला तो फेरेटला आजारी पाडूनच. आपल्याला सर्दी-ताप असेल तर तोंडाला रुमाल बांधून त्याला घ्यायचं ते याच्यासाठी. २०२१ च्या जानेवारीत आपल्याच परभणीजवळ मुरुंब्यात बर्ड फ्लूनं शेकडो कोंबड्या मेल्या होत्या, २०२५ च्या जानेवारीत उदगीरला कावळे पडले ते पण त्यानंच. अमेरिकेत ओरेगॉनमधे २०२४ च्या डिसेंबरात घरातच राहणारं एक मांजर पाकिटातलं कच्चं मांस खाऊन बर्ड फ्लूनं गेलं. फ्रीजरमधे ठेवल्यानं हा विषाणू मरत नाही, साल्मोनेला पण मरत नाही, शिजवल्यानं मरतात. म्हणून आसपास साथ आहे असं कानावर आलं की कच्ची कोंबडी त्याच दिवशी बंद. बिनहाडाचं मांस शिजवायचं, टरफलाची पूड घालायची, आणि ज्या पाण्यात शिजवलं ते पाणी फेकायचं नाही, टॉरिन पाण्यात उतरतं, ते त्यालाच पाजायचं. मीठ-हळद काही नाही.

आपल्या भागात हा बदल कधी सुरू करायचा याचं माझं उत्तर ठरलेलं आहे, दिवाळी झाल्यावर. फेरेटला घाम येत नाही, तिशीच्या वर पारा गेला की तो मलूल होतो आणि खाणं कमी करतो, एप्रिल-मे मधे बेचाळीस-त्रेचाळीस असताना नवीन वासाची ओळख करून देणं म्हणजे त्याचा आणि आपला दोघांचा छळ. थंडीत भूक चांगली लागते, वाटीतलं मांस पण जरा टिकतं. उन्हाळ्यात वाटी वीस मिनिटांत उचलायची, राहिलेलं टाकून द्यायचं. आणि फेरेटला अन्न लपवायची सवय असते, गोळी लपवली तर काही होत नाही, कलेजीचा तुकडा दिवाणाखाली लपवला तर दुसऱ्या दिवशी घरात राहवत नाही आणि तोच तुकडा तो तिसऱ्या दिवशी काढून खातो. त्याच्या लपवायच्या जागा माहीत करून घ्या आणि रोज संध्याकाळी बघा. आम्ही आता मांस बाथरूममधेच खायला देतो, दार लावून, खाऊन झालं की फरशी धुवायची.

लाईट गेली तर काय, हा प्रश्न इथं खराच आहे. मी एकेका दिवसाच्या छोट्या पुड्या करते, फ्रीजरमधे एकमेकांना चिकटून दाबून ठेवते, भरलेला फ्रीजर दार न उघडता बरेच तास गार राहतो. रात्री उद्याची पुडी खालच्या कप्प्यात काढायची, ओट्यावर वितळवायची नाही. एकदा पूर्ण वितळून कोमट झालेलं परत गोठवायचं नाही, मन मोठं करून टाकायचं.

आई माळकरी आहे. तिच्या फ्रिजमधे हे ठेवणं मला सुद्धा पटत नव्हतं, म्हणून मागच्या खोलीत जुना छोटा फ्रिज दुरुस्त करून घेतला, सुरी, पाट, मिक्सरचं भांडं सगळं तिकडं. तिनं त्या खोलीत पाऊल ठेवलं नाही, पण त्याचं वजन किती आलं हे दर रविवारी विचारती. श्रावणात आणि एकादशीला आमच्या भागातली काही दुकानं बंद असतात, म्हणून आषाढ संपायच्या आत पंधरा दिवसांचं भरून ठेवते.

आणि गोळ्यांचा डबा मी फेकलेला नाही. आठवड्यातून दोनदा मूठभर देते, मुद्दाम, तो वास त्याच्या नाकातून जाऊ नये म्हणून. गावाला जायचं झालं, चार दिवस दुकान बंद राहिलं, साथ आली, किंवा त्याला कुणाकडं ठेवावं लागलं, तर समोरच्या माणसाला मी दिल आणि गुर्दे मोजायला सांगू शकत नाही, डबा आणि वाटी तेवढी देऊ शकते.